दुसरं नाव

घरधनी हरेश्वर वारल्यावर सव्वा महिन्याने पत्र आलं आणि चार दिवस देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकत राहिलं. थळच्या त्या घरात इंग्रजी पत्र आलं, की ते धाकट्या सुनेने उघडायचं अशी रीत पडून गेली होती. धाकटी सून हेतल, पेणच्या गुजराती दुकानदाराची मुलगी. प्रणयशी लग्न करून या कोळ्याच्या घरात आली त्याला अठरा वर्षं झाली होती. आता दोघं खारघरला राहत. गुरुवारी प्रणयने रजा टाकली होती आणि घराच्या वारसनोंदीसाठी तलाठ्याला गाठायचं म्हणून दोघं थळला आली होती. तलाठी नेमका अलिबागला मीटिंगला गेलेला. हेतलने चहा पिता पिता पाकीट फोडलं, पत्र वाचलं, कप खाली ठेवला आणि पहिल्यापासून परत वाचलं.

"आई," तिने सासूला विचारलं, "बाबांची ती पेन्शन कुठून यायची?"

नलू तांदूळ निवडत होती. "कंपनीतून. भांडुपला एकोणीस वर्षं रंग ढवळला त्यांनी. दर श्रावणात बँकेत पैसे पडायचे. दोन वर्षं झाली, बंद पडले. त्यापायी लई येरझारा घालायचे ते. पण बोलले कधी काय न्हाय."

"ती पेन्शन नव्हती, आई. शेअरवरचा नफ्याचा वाटा होता तो, आता कागद अपुरे म्हणून कंपनीने अडवलाय. त्यांची ती पेटी काढा बरं."

हरेश्वरची पत्र्याची पेटी खाटेखाली होती. तिच्यात त्याचं कंपनीचं ओळखपत्र, दोन चष्मे, बंद पडलेलं घड्याळ आणि दुधाच्या जाड पिशवीत गुंडाळलेले कागद निघाले. हेतलने ते खाटेवर मांडले. पळसरंग पेंट्स लिमिटेड. वरच्या कोपऱ्यात पळसाचं केशरी फूल छापलेलं होतं, अजून रंग न उडालेलं. खाली आणखी दोन कंपन्यांचे पिवळे पडलेले कागद होते.

तिचा भाऊ भावेश अलिबागला शेअरदलाली करायचा. तिने त्याला फोन लावून एकेक आकडा वाचून दाखवला. तोपर्यंत प्रणय येऊन उभा राहिला होता. थोरला कमलेशही पडवीतून आत डोकावला. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती, त्यामुळे होड्या बंदरातच होत्या आणि त्यालाही कुठे जायचं नव्हतं.

"बेन, बसली आहेस ना?" भावेशचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू गेला. "चौऱ्यायशी सालचा इश्यू. नोकरांना कोटा होता. पंधरा रुपयांनी दोनशे शेअर, म्हणजे तीन हजार रुपये. दोनदा एकास एक फुकट बोनस शेअर मिळून आठशे. मग दहाच्या शेअरचे पाच तुकडे केले, चार हजार. परत बोनस, आठ हजार. परत तुकडे, सोळा हजार. आत्ता, या मिनिटाला, भाव आहे सातशे आठ."

हेतलने मोबाइलवर गुणाकार केला. मग खात्री पटेना म्हणून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनाने केला.

"एक कोटी तेरा लाख," ती म्हणाली.

 नलूने सुपातला खडा उचलला आणि तो हातातच धरून बसली.

"तीन हजाराचे?" कमलेशने विचारलं.

"बँकेत ठेवले असते तर सत्तर-ऐंशी हजार झाले असते," भावेश सांगत होता. "हे वर्षाला बावीस टक्के पडले, एक्केचाळीस वर्षं. पण दरवर्षी बावीस नाही हां. चौऱ्याण्णवनंतर नऊ वर्षं हा शेअर जागचा हलला नाही. दोन हजार आठला अर्ध्यावर आला. लोकांनी विकून टाकला. तुझ्या सासऱ्यांनी धीर धरला. असा धीर मी माझ्या एकाही गिऱ्हाइकात पाहिला नाही."

"आणि हे दुसऱ्या दोन कंपन्यांचे कागद?"

"त्या कधीच बुडाल्या. रद्दीत घाल. त्या वर्षी डझनावारी कंपन्या बाजारात आल्या होत्या, बेन. जी टिकली तिचीच गोष्ट लोक सांगतात." मग तो म्हणाला, "एक काम कर. दुसरं नाव कोणाचं आहे ते वाच. पहिलं माणूस गेलं की कंपनी दुसऱ्या नावालाच मालक धरते. बाकी कोणाची सही लागत नाही."

"आईचंच असणार," प्रणय म्हणाला.

हेतलने कागद उजेडाकडे धरला. पहिलं नाव, हरेश्वर गणा नाखवा. त्याच्या खाली, त्याच टाइपात, कोकिळा सदानंद नाखवा.

"आतेचं आहे," ती म्हणाली.

*

कमलेशला बसवेना. तो पडवीत गेला, परत आत आला, परत पडवीत गेला.

कोकिळा आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचा नवरा सदानंद, आडनावाने तोही नाखवाच, रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेला, तेव्हा ती पंचविशीतली होती. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी आली ती आली. मागच्या पडवीत तिची खाट, मासळी वाळवायच्या खळ्यावर तिचा जवळा आणि बोंबील. कमलेशला आणि प्रणयला आंघोळी तिने घातल्या, शाळेत तिने सोडलं, कारण आई पहाटेच मासळीची पाटी घेऊन अलिबागच्या बाजाराला गेलेली असायची आणि बाबा शनिवारी रात्री लाँचने रेवसला उतरायचे. आतेला कधी कोणी काही विचारत नसे. ती घरात असायची, बस.

ती आत्ता खळ्यावरून हात पुसत आली आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून दारातच थबकली.

"काय झालं? कोण गेलं?"

हेतलने तिला खाटेवर बसवून सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट. कोकिळा ऐकत राहिली. मग तिने कागदावरच्या पळसाच्या फुलावर बोट ठेवलं.

"हे अजून हाय?" ती म्हणाली. "मना वाटलं दादाने कवाच विकलं."

"आते, तुझं नाव कसं यात?" प्रणयने विचारलं.

"पैसे माझे होते म्हणून. दादाला कंपनीने सांगितलं, घ्यायचे तर घे. त्याच्याकडे कुठले पैसे? तू पोटात होतास. सासूने माझ्या पाटल्या परत दिल्या होत्या, दीड तोळ्याच्या. त्या मी मोडल्या. दादा बोलला, हक्क माझा, पैसा तुझा, दोघांचं नाव घालू."

"म्हणजे हक्क बाबांचा होता," प्रणय घाईने म्हणाला. तो बँकेत नव्हता, पण खारघरला एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर होता आणि कागदाची भाषा त्याला येत होती. "नाव फक्त सोयीसाठी. आते, पहिल्यांदा तुझ्या नावावर करून घेऊ, तू लगेच आईच्या नावाने लिहून दे. मग आम्ही बघतो. विकायचे बिलकुल नाहीत. दहा वर्षं अजून ठेवले तर पाच-सहा कोटी होतील."

"दहा वर्षं?" कमलेश वळला. "आन मी दहा वर्षं काय करू?"

"दादा, तू मध्येच—"

"मध्येच न्हाय. दोन हजार नऊ साली मी बाबांच्या पाया पडलो होतो. होडीचं इंजिन गेलं होतं. दीड लाख लागत होते. बाबा बोलले, माझ्याकडे विष खायला पैसा न्हाय. सहा वर्षं मी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेलो. मालकाची पोरं मला नावाने हाक मारायची." त्याने हेतलकडे पाहिलं. "तवा याचे किती होते?"

हेतलला सांगायचं नव्हतं. पण तो बघतच राहिला. तिने भावेशला मेसेज केला आणि उत्तर वाचून दाखवलं. "चार हजार शेअर. भाव एकशे ऐंशी. सात लाख वीस हजार."

कमलेश हसला. ते हसणं ऐकून नलूने मान खाली घातली.

"सातांतले दीड," तो म्हणाला. "भावेश बोलतो धीर धरला. धीर बाबांनी धरला व्हय? धीर मी धरला. आईने धरला, डोक्यावर पाटी घेऊन. आज विका. आत्ता विका."

"कागदावरचे शेअर असे विकता येत नाहीत, दादा. आधी खातं उघडावं लागेल, तीन-चार महिने जातील," हेतल म्हणाली.

"आणि भाव पडतोय," प्रणयने मोबाइल दाखवला. "सातशे एक. पडत्यात कोण विकतं?"

"पडतोय म्हणूनच विकायचा."

दोघं भाऊ एकमेकांवर चढले. थोड्या वेळापूर्वी आतेकडून सही घ्यायची यावर दोघांचं एकमत होतं, आता प्रणय म्हणत होता की आईच्या नावावर केलं तर दादा तिला विकायला लावेल, त्यापेक्षा आतेकडेच राहू दे. आणि कमलेश म्हणत होता की आतेने सही करावी, ती त्याचं ऐकेल, त्याला तिने वाढवलं आहे. हेतल नवऱ्याला खुणा करत होती, गप्प बस म्हणून. तो बघत नव्हता.

कोकिळाने सगळे कागद गोळा केले, पिशवीत घातले, पिशवी काखेत मारली.

"कुठे चाललीस, आते?"

"जवळा उलटायचा हाय," ती म्हणाली. "वारा सुटलाय."

*

नलू तिच्या मागोमाग निघाली, पण तिला पोचायला वेळ लागला. गुडघे साथ देत नव्हते. किनाऱ्यावरच्या खळ्यावर जवळा पसरलेला होता, लालसर, चादरीसारखा. पलीकडे बोंबील टांगलेल्या बांबूंच्या वलांड्या वाऱ्याने हलत होत्या. कारखान्याच्या बाजूने दुपारचा भोंगा झाला.

कोकिळा खराट्याने जवळा उलटत होती. पिशवी अजून काखेतच होती, त्यामुळे तिला नीट वाकता येत नव्हतं.

"दे ती पिशवी. मी धरते," नलू म्हणाली.

"नको."

नलू वाळूवर उपड्या पाटीवर बसली. येताना तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं. मुलांचं मनावर घेऊ नको, एवढंच. पण कमलेशचं ते हसणं तिच्या कानातून जात नव्हतं. धीर बाबांनी धरला व्हय? या घरात धीराचं खरं कारण माहीत असलेलं एकच माणूस आता उरलं होतं.

"कोकिळा, बाबाजी आठवतो?"

खराटा थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जोरात.

"रेवसच्या लाँचवर तिकिटं फाडायचा तो," नलू म्हणाली.

"मना सांगतेस तो कोण ते?"

"तू त्याण्णव साली तुझ्या दादाला बोलली होतीस, माझे पैसे मोकळे करा. तुम्हा दोघांना भाऊच्या धक्क्याजवळ खोली घ्यायची होती."

"वीस हजार पागडी होती. दादा बोलला भाव पडलाय. वर येऊ दे, मग देतो." कोकिळा जवळ्याकडे बघूनच बोलत होती. "मी काय बोलणार? मना काय कळत होतं भावातलं? बाबाजी दर महिन्याला विचारायचा. मी त्याला सांगायची, भाव येऊ दे. दोन वर्षं थांबला बिचारा."

"भावाचं कारण नव्हतं ते."

कोकिळाने मान वर केली.

"ते शनिवारी लाँचने आले," नलू म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "जेवले आन मना बोलले, कोकिळाचे पैसे देऊन टाकतो. चोवीस हजार येतायत. बाबाजी माणूस चांगला हाय, जाऊ दे तिला. त्यांनी मन केलं होतं. मी न्हाय बोलले. मी बोलले, ती गेली तर पोरं कोण बघणार? कमळ्या सोळाचा, उनाड झालेला, प्रणय आठ वर्षांचा. मी पहाटे चारला बाजाराला जाते. तुम्ही भांडुपला. घर मोडेल. तिला सांगा भाव पडलाय. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग तुला तसं सांगितलं."

वाऱ्याने जवळ्याची कड उडाली. दोघींपैकी कोणी ती सावरली नाही.

"नंतर त्यांना कधी विकताच आले न्हाय," नलू सांगत राहिली, आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "दर वेळी कागद काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. कमळ्या इंजिनासाठी रडला त्या रात्री मी बोलले, आता तरी विका. ते बोलले, जिचे होते तिला दिले न्हाय, आता पोराला कोणत्या तोंडाने देऊ? तो भावेश धीर बोलतो त्याला. धीर कसला, कोकिळा. लाज होती ती."

 कोकिळाने खराटा वाळूत टाकला.

"तू मना विचारायचंस," ती म्हणाली.

"काय विचारायचं?"

"राहतेस का म्हणून. पोरांसाठी राहतेस का, असं. मी कदाचित राहिले असते. न्हायतर गेले असते. पण तू मना विचारायचंस, वैनी."

 नलू उठायला गेली, पण गुडघ्याने दगा दिला आणि ती परत पाटीवर बसली. एरवी कोकिळाने धावत येऊन हात दिला असता. आज ती आली नाही. ती पाण्याच्या कडेकडेने चालत निघाली, पिशवी छातीशी धरून, आणि लांब जाऊन छोटी दिसेपर्यंत चालतच राहिली.

*

कोकिळा कुठे जायचं ते ठरवून निघाली नव्हती. पाय थांबले की डोक्यात बाबाजी यायचा, म्हणून ती चालत होती. त्याचा चेहरा तिला नीट आठवतही नव्हता. तिकिटांची गड्डी धरलेला हात आठवत होता आणि एक वाक्य, "मग या महिन्यात?" तिने त्याला चोवीस वेळा नाही म्हटलं असेल. प्रत्येक वेळी दादाच्या वतीने. आणि तिला वाटायचं, दोष बाजाराचा आहे, मुंबईत कुठेतरी बसलेल्या माणसांचा. आता बाजार बाजूला झाला आणि मागे तिची स्वतःची माणसं उभी दिसली.

दादावर तिला राग आला. वैनीवर जास्त आला. मग तिला प्रणय आठ वर्षांचा आठवला, गोवराने तापलेला, तिच्या मांडीवर. ती गेली असती तर त्या रात्री तो कोणाच्या मांडीवर असता, या प्रश्नाने तिला आणखीनच राग आला, कारण वैनीनेही हाच प्रश्न विचारला होता.

चार वाजता ती घरी परतली. नलू भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. तिने मुलांनाही सांगितलं असावं, कारण कमलेशने आतेकडे पाहिलं आणि नजर वळवली. बाजार बंद झाला होता. शेअरचा शेवटचा भाव सहाशे चौऱ्याण्णव.

कोकिळाने पिशवी हेतलच्या मांडीवर ठेवली. घरातली सगळ्यात परकी तीच होती, आणि आज कोकिळाला तीच बरी वाटत होती.

"यातले माझे किती?"

"सगळेच, आते. कायद्याने तुम्हीच मालक."

"कायदा राहू दे. हक्क दादाचा, पैसा माझा. अर्धे माझे. अर्धे दादाच्या बायकोचे."

नलूने मान हलवली. "मना नको."

"तुला नको असले तरी तुझे हायत. तू बाजार केलास म्हणून घर चाललं, म्हणून ते कागद राहिले. ते मी बुडवणार न्हाय." ती नलूकडे न बघताच बोलली. "माझ्या आठ हजारांतले अर्धे विक, हेतल. पहिल्यांदा जमेल तेव्हा."

"आते," प्रणय पुढे सरकला. तो खरोखर कळवळून बोलत होता. "तुझा निर्णय मान्य. पण आत्ता भाव पडलाय. सहा महिने थांब, वर येऊ दे, मग—"

"भाव पडलाय हे मना परत कोणी सांगायचं न्हाय!"

असा आवाज त्या घराने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शेजारच्या अंगणात कोणीतरी बोलता बोलता थांबलं. प्रणयचा चेहरा पडला. आठ वर्षांचा असताना पडायचा तसाच. कोकिळाला ते दिसलं आणि तरी ती नमली नाही.

"त्या पैशांचं काय करायचंय, आते?" कमलेशने हळूच विचारलं.

"खोली घेणार. अलिबागला. माझ्या नावावर."

"या वयात? एकटी?"

"मग कोणत्या वयात?"

 कमलेश तिच्याजवळ सरकला. "मी ओळखतो एका बिल्डरच्या माणसाला," तो म्हणाला. "उद्या जाऊन बघून येऊ. जिने चढायला नकोत तुला." आणि दुपारपासून पहिल्यांदाच तो शांत बसला.

*

सगळं व्हायला पाच महिने लागले. कोकिळाचं पॅनकार्ड नव्हतं. आधारवर तिचं नाव एका पद्धतीने होतं आणि सर्टिफिकेटवर दुसऱ्या. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची सही आताच्या सहीशी जुळेना, तेव्हा हेतल तिला तीनदा बँकेत घेऊन गेली आणि मॅनेजरसमोर तिने कागदाच्या दोन्ही बाजू भरून सह्या केल्या. शेवटी शेअर खात्यावर आले. अर्धे नलूच्या नावाने गेले. कोकिळाचे चार हजार सातशे एकतीसला विकले गेले. दोन महिन्यांनी भाव आठशेवर पोचला. प्रणयने मनातल्या मनात आकडा मांडला आणि हेतलने त्याला बजावलं, आतेसमोर अवाक्षर काढायचं नाही. आतेने विचारलंही नाही.

नलूने आपल्यातले तीन हजार विकून पैसे कमलेशला दिले. तो आधी घेईना. हे इंजिन सोळा वर्षं उशिरा आलं, असं म्हणाला. मग त्याने होडीत भागी घेतली. बाकीचे शेअर राहिले. त्यांचं पुढे काय करायचं यावर दोघे भाऊ सणावाराला अजून भांडतात.

कोकिळाने खोली घेतली. अलिबागला एसटी स्टँडच्या मागे, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. दिवाळीनंतर ती खाट, दोन भांडी आणि शिलाईमशीन घेऊन गेली. जाताना नलूच्या पाया पडली, पण बोलली नाही. मुलं येऊन जाऊन असत. हेतल दर पंधरवड्याला जाई. नलूला मात्र कोणी "चल" म्हणालं नाही, आणि तिने स्वतःहून विचारलं नाही. घरात ती सकाळपासून या दारातून त्या दारात जायची. मागच्या पडवीत काहीतरी शोधायला शिरायची आणि काय शोधायला आलो ते विसरून परत यायची.

माघ महिन्यात एके सकाळी कमलेशच्या होडीला मांदेली चांगली मिळाली. नलूने कोणाला न सांगता एक पिशवी भरली, रिक्षात बसली आणि स्टँडवर उतरली. पत्ता दोघांना विचारावा लागला. दारावर पाटी होती, मराठीत. कोकिळा नाखवा. नलूला फार वाचता येत नव्हतं, पण ही अक्षरं तिने लावून लावून वाचली. मग कडी वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. कोकिळाने केस धुतले होते, खांद्यावर पंचा होता. तिने नलूला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"विचारायला आलेय," नलू म्हणाली. "आत येऊ का?"

कोकिळा उंबऱ्यात तशीच उभी राहिली. तिची नजर नलूच्या हातातल्या पिशवीवर गेली.

"काय आणलंस?"

"मांदेली. ताजी हायत."

"साफ केलीस?"

"न्हाय."

कोकिळा दारातून बाजूला झाली. आत ओट्याखाली विळी होती, ती तिने पायाने नलूच्या दिशेने सरकवली.

"मग कर साफ," ती म्हणाली, आणि खिडकीजवळच्या नव्या खुर्चीवर जाऊन बसली.